वाघ दिसला की फोन वाजतो

राळेगाव-पांढरकवड्याच्या जंगलात 2018 साली टी-1 ऊर्फ अवनी वाघिणीचा माग काढायला, जनावर समोरून गेले की आपोआप फोटो टिपणारे ट्रॅप कॅमेरे लावले होते. 13 माणसांच्या मृत्यूशी तिचे नाव जोडले गेले. 2 नोव्हेंबरच्या रात्री बोराटीजवळ ती मारली गेली. साध्या ट्रॅप कॅमेऱ्याचे फोटो मेमरी कार्डातच राहतात. वनरक्षक कार्ड काढून आणेपर्यंत वाघ कोसभर पुढे!

सिमकार्डाचा कॅमेरा तोच फोटो मोबाइल नेटवर्कवरून क्लाउड सर्व्हरला धाडतो. बॅटरी किती उरली, कोणता कॅमेरा बंद पडला, हेही कार्यालयात बसून कळते. कापूस वेचणीच्या दिवसांत माणसे शेतात असतात, तेव्हा वेळेतला हा फरक जिवाचा आहे.

ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या बफर क्षेत्रातील सीतारामपेठेत वाघ-बिबट ओळखून गावाला सावध करणारे एआय कॅमेरे बसवले गेले. रेंज नसलेल्या रानात मात्र पायपीट सुटत नाही.