कान पिळला की सुरू!

गेल्या दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. घरात साफसफाईची धांदल, चादरी-अभ्र्यांचा ढीग पडलेला आणि नेमकी त्याच दिवशी आमच्या फुल्ली ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनने मान टाकली. समोरच्या छोट्या काचेवर दोन इंग्रजी अक्षरं लुकलुकायला लागली. पोटात पाणी, पाण्यात चादरी आणि दार काही उघडेना!

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा. त्याने मागचं झाकण काढलं, मोबाइलवर फोटो काढून कुणाला तरी पाठवला आणि म्हणाला, "काकू, बोर्ड गेलाय. या मॉडेलचा बोर्ड आता येत नाही. आला तरी निम्मे पैसे त्यातच जातील. त्यापेक्षा एक्स्चेंजमध्ये नवीन घ्या ना!"

मशीन घेऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती.

त्याच संध्याकाळी अंबाजोगाईहून भावाचा फोन. "ताई, आईला जरा समजाव. तिचं ते जुनं मशीन दुकानदार पंधराशेला घेतोय. नवीन आणायचं म्हणतोय मी, तर ती हातच लावू देत नाही." मी हसले. एकीकडे सहा वर्षांचं मशीन मोडीत निघालेलं, दुसरीकडे तीस वर्षं ओलांडलेलं मशीन आई सोडायला तयार नाही. म्हटलं, भाऊबीजेला येतेच आहे, तेव्हा बघू.

मैत्रिणींनो, ते मशीन आमच्या घरी आलं १९९२ च्या दिवाळीत. मी तेव्हा आठवीत होते. दूरदर्शनवर वॉशिंग मशीनची जाहिरात लागली की गल्लीतल्या बायका हातातलं काम टाकून बघायच्या. व्हिडिओकॉनचा कारखाना तर आपल्याच औरंगाबादजवळ, चितेगावला. (औरंगाबादचं नाव आता छत्रपती संभाजीनगर झालं आहे.) अण्णांना त्याचा कोण अभिमान! अण्णा शाळामास्तर. दोन पगारांच्या वर किंमत होती, म्हणून हप्ते बांधून घेतले आणि लातूरहून टेम्पोत घालून मशीन आणलं. अख्खी गल्ली बघायला जमली. आईने हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला.

आजी मात्र दारातूनच म्हणाली, "मशीन कपडे धुणार, मग सून काय करणार?"

सून काय करत होती ते मी रोज बघत होते. घरात सात माणसं. नळ एक दिवसाआड. पाणी आलं की आधी हंडे-घागरी भरायच्या, मग धुणं. मोरीतला तो खडबडीत दगड, सोड्याचं पाणी, अण्णांच्या पांढऱ्या शर्टांना नीळ आणि आजीचं नऊवारी लुगडं. ओलं लुगडं पिळायला आईला माझी गरज लागायची. एक टोक तिच्या हातात, दुसरं माझ्या. हिवाळ्यात तिच्या बोटांच्या पेरांना भेगा पडायच्या. रात्री ती त्यात खोबरेल चोळत बसायची. त्यामुळे कुणी 'जुन्या काळी किती छान होतं' असं म्हणायला लागलं की मला आधी ती बोटं आठवतात.

आणि मशीन तरी काय होतं? दोन टब. एकात कपडे धुवायचे, उचलून दुसऱ्यात टाकायचे, म्हणजे ड्रायरमध्ये, तिथे ते पिळून निघायचे. बादलीने पाणी ओतायचं, वरची गोल खुंटी फिरवायची. आई म्हणायची, "कान पिळला की सुरू!" आत स्प्रिंग आणि दातेरी चाकं असल्यामुळे खुंटी टिकटिक करत उलटी यायची. लाइट गेली की मशीन बंद, आली की पुन्हा कान पिळायचा. पुढे भारनियमनाच्या काळात लाइट कधी येईल नि कधी जाईल याचा नेम नसायचा, पण त्या मशीनची कधी तक्रार नाही.

आजीने महिनाभर आपलं लुगडं त्यात घालू दिलं नाही. पुढच्या श्रावणात सलग चार दिवस पाऊस लागला, लुगडी वाळेनात. आईने गुपचूप एक ड्रायरमधून काढून दिलं. आजीने ते हाताने चाचपून पाहिलं, गालाला लावलं आणि त्या दिवसापासून मशीनशेजारी स्टूल टाकून तीच राखणीला बसायला लागली!

आता ते इतकी वर्षं टिकलं कसं? आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. तिथले मिस्त्रीकाका रेडिओ, मिक्सर, पंप असं सगळं दुरुस्त करायचे. मशीनच्या मागचे चार स्क्रू काढले की सगळं पोट उघडं. धुण्याची एक मोटार, तिच्यापासून चकती फिरवणारा रबरी बेल्ट. ड्रायरची वेगळी मोटार. दोन कंडेन्सर, झाकण उघडलं की ड्रायर थांबवणारी ब्रेकची तार आणि पाणी गळू नये म्हणून बसवलेलं रबरी सील. संपलं! बिघाड व्हायचा तो यातल्याच एखाद्या वस्तूचा, आणि तेवढीच वस्तू बदलायची. मोटार जळाली तरी काका तांब्याची तार नव्याने गुंडाळून द्यायचे.

हळूहळू आईलाही आवाजावरून कळायला लागलं. "मोटार नुसती गुणगुणतेय, फिरत नाही. कंडेन्सर गेला असेल," असा निरोप ती माझ्या हाती पाठवायची. काका यायचे तेच कंडेन्सर खिशात घालून. चौथी शिकलेली माझी आई आणि तिला घरातलं यंत्र आतून-बाहेरून ठाऊक! आज आपण शिकलेल्या बायका, पण मशीन बिघडलं की ती दोन अक्षरं बघून घाबरतो.

पण 'जुनं ते सोनं' म्हणताना जरा जपून बोलावं हेही खरं. जी जुनी मशिनं पाच-सात वर्षांत भंगारात गेली, ती आज आपल्याला दिसतच नाहीत. दिसतात ती टिकलेली, म्हणून वाटतं तेव्हाचं सगळंच टिकत होतं. आमच्या मशीनचाही खालचा पत्रा पाण्याने गंजून गेला होता. अण्णांनी वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी स्टँड करून घेतला म्हणून ते उभं राहिलं. त्याचा आवाज असा की शेजारच्या वाड्यात कळायचं, यांचं धुणं चाललंय. ओले कपडे या टबातून त्या टबात टाकताना पाठ दुखायची ती वेगळीच.

आणखी एक. तेव्हा मशीनला दोन पगार लागले होते. साहजिकच ते बिघडलं की दुरुस्तीच परवडायची. आज मास्तरांच्या एका पगारात साधं मशीन आरामात येतं. दुरुस्तीवाल्याची फेरी, सुट्या भागाची किंमत धरली की नवीनच बरं असं वाटतं. वस्तू स्वस्त झाली आणि तिची किंमत आपल्या लेखी कमी झाली. शिवाय आता बऱ्याच मशिनांचा ड्रम असा जोडून बंद केलेला असतो की आतलं एक बेअरिंग झिजलं तरी अख्खा ड्रमच बदलावा लागतो. उघडताच येत नाही, तर मिस्त्रीकाका काय करणार?

साध्या मशीनची आठवण मला २०१६ च्या उन्हाळ्यात फार आली. लग्नानंतर मी लातूरची झाले. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, हे तुम्हाला आठवत असेल. नळच कोरडे, तर नळाच्या दाबावर चालणारी फुल्ली ऑटोमॅटिक मशिनं काय चालणार? गल्लीत बहुतेकांनी त्यावर चादर घालून ठेवली. ज्यांच्याकडे दोन टबांचं मशीन होतं त्या बायका मोजून दोन बादल्या ओतायच्या. त्याच पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत, मग पायपुसणी. उरलेलं पाणी संडासाला.

असो. भाऊबीजेला अंबाजोगाईला गेले. जेवणं झाल्यावर मी विषय काढला. "आई, किती दिवस हे धूड सांभाळणार? दादा नवीन आणतोय तर आणू दे ना."

आई काही बोलली नाही. उठून मशीनवरचं कापड झटकलं आणि म्हणाली, "तुझी बी.ए.ची फी कुठून आली, माहीत आहे?"

मला वाटत होतं, अण्णांच्या पगारातून. "त्यांचा पगार हप्त्यात, आजोबांच्या औषधात आणि तुझ्या काकाच्या लग्नात जात होता," आई म्हणाली. "ह्या मशीननं माझे रोजचे दोन तास वाचवले. त्या दोन तासांत मी ब्लाऊज शिवले. फॉल-बिडिंग केलं. तीन वर्षांची फी त्यातून भरली. यांनाही सांगितलं नव्हतं."

मी गप्पच झाले. दुपारी ती शिलाई मशीनवर बसायची हे मला आठवत होतं. पण त्या दुपारी आल्या कुठून, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

स्वीडनचे डॉक्टर आणि प्राध्यापक हान्स रोसलिंग यांचं २०१० मधलं एक भाषण प्रसिद्ध आहे. त्यांच्या लहानपणी घरी वॉशिंग मशीन आलं, तेव्हा आजी ते चालताना टक लावून बघत बसली आणि धुण्यातून सुटलेल्या आईने मुलाला वाचनालयात नेलं. यंत्रात कपडे घातले आणि बाहेर पुस्तकं आली, असा त्यांच्या सांगण्याचा आशय. आमच्या यंत्रातून माझी बी.ए.ची पदवी बाहेर आली म्हणायची!

मग मी आईला आमच्या बचत गटातल्या एका मावशींबद्दल सांगितलं. पाच घरची धुणीभांडी करतात. घरी सासू दोन वर्षं अंथरुणावर. दिवसभर लोकांचे कपडे धुऊन रात्री सासूच्या चादरी, दुपटी धुवायच्या. हाताची सालं निघालेली. त्यांच्या खोलीत नळ नाही, त्यामुळे ऑटोमॅटिक मशीन कुणी फुकट दिलं तरी उपयोगाचं नाही. बादलीने पाणी ओतायचं मशीन मात्र चाललं असतं.

आई थोडा वेळ विचार करत राहिली. "पंधराशेला दुकानदाराला देणार नाही," म्हणाली. "ते फोडून तोडून टाकतील. त्या बाईला घेऊन जा. पण आधी सील बदलून घे, आणि अर्थिंगची पिन नीट लाव म्हणावं. ओल्या जागेत धोका नको. आणि कान हळू पिळायचा."

ज्या लातूरहून टेम्पोत बसून मशीन आलं होतं, त्याच लातूरला ते टेम्पोत बसून परत आलं.

माझ्या मशीनचं काय झालं? नवीन घेण्याआधी, आईच्याच सांगण्यावरून, मी चौकशी केली. गावातच एका बोळात टीव्हीचे बोर्ड दुरुस्त करणारा मुलगा सापडला. बोर्डावरचा एक छोटा रिले जळाला होता. साडेसातशे रुपयांत काम झालं. तेव्हा बायांनो, 'बोर्ड गेला' म्हटलं की लगेच मशीन टाकून देऊ नका. बोर्ड दुरुस्त होतो का, ते आधी बघा.

नवीन घेतानाही दुकानात फक्त रंग आणि ऑफर बघू नका. सुटे भाग किती वर्षं मिळतील? मोटारीचं वायंडिंग तांब्याचं आहे का? ड्रम खोलता येतो का? आपल्या गावात दुरुस्तीला कोण येतं? बिनधास्त विचारा. युरोपात २०२१ पासून नियम आहे की वॉशिंग मशीनचे ठरावीक सुटे भाग किमान दहा वर्षं मिळालेच पाहिजेत. आपल्याकडेही केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचं पोर्टल सुरू झालं. दुकानदार किंवा कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. फक्त बिल जपून ठेवा.

आणि थोडं आपणही बघू या. कपडे कोंबून भरायचे नाहीत. धुणं झालं की झाकण उघडं ठेवायचं. जाळीतला कचरा काढायचा. खालून उंदीर शिरून वायरी कुरतडणार नाहीत अशी जाळी लावायची. बोअरचं क्षारयुक्त पाणी असेल तर अधूनमधून लिंबूसत्व टाकून मशीन रिकामं फिरवायचं. आईचं मशीन टिकलं ते पत्रा जाड होता म्हणून थोडंसं आणि कुणीतरी रोज त्याच्याकडे लक्ष दिलं म्हणून बरंचसं.

मागच्या महिन्यात गटाच्या मीटिंगला त्या मावशी आल्या. मी विचारलं, "काय मावशी, मशीन त्रास तर देत नाही ना?"

"आवाज लई करतंय ताई," त्या म्हणाल्या. मग जरा जवळ सरकून, कुणी ऐकू नये अशा बेताने हळूच सांगितलं, "पण काल मी दुपारची झोपले. घंटाभर झोपले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा."

त्याच रात्री मी आईला फोन करून हे सांगितलं. ती नुसतं "बरं झालं" म्हणाली. आणि मग, "बेल्ट सैल झाला असेल, बघ जरा. आवाज त्याचाच असणार."