कॅमेरा घेऊन पायी : देहूरोड

कसे जाल? पुणे–लोणावळा लोकलने. आकुर्डीनंतरचे स्थानक देहूरोड. तुकोबांचे देहू गाव वेगळे. ते इथून उत्तरेला, इंद्रायणीकाठी आहे.

आधी हे वाचा : देहूरोड ही लष्करी छावणी आहे. डेपो, लष्करी कार्यालये, फाटके, पहारेकरी आणि कुंपणाआडचे काहीही टिपू नका. ‘छायाचित्रणास मनाई’ असा फलक दिसला की कॅमेरा पिशवीत. मनाई केलेल्या जागांना 1923चा शासकीय गुपिते कायदा लागू होतो.

बुद्धविहार : 25 डिसेंबर 1954 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली. नागपूरची धम्मदीक्षा त्यानंतर जवळजवळ दोन वर्षांनी, 14 ऑक्टोबर 1956 रोजी झाली. मूर्तिस्थापनेच्या वर्धापनदिनी इथे मोठी गर्दी लोटते. आत फोटो काढण्यापूर्वी परवानगी घ्या. वंदना सुरू असेल तर थांबा.

बाजार : स्थानकाजवळच्या गल्ल्यांत मराठीइतकीच तमिळ, तेलुगू, हिंदी कानावर पडते. छावणीने देशभरातून माणसे आणली आणि ती इथलीच झाली. दुकानांच्या पाट्या, देवळे, खाण्याचे गाडे यांत हे सारे दिसते. माणसाचा फोटो हवा तर आधी दोन शब्द बोला.

घोरावडेश्वर : जवळच शेलारवाडीच्या डोंगरात कोरलेली बौद्ध लेणी, त्यांतल्या एकात आज महादेवाची पूजा होते. चढायला पहाटे निघा, पाणी सोबत ठेवा. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात.

सामान : 35 किंवा 50 मिमीची एक लेन्स पुरे. दूरचे ओढून घेण्यापेक्षा दोन पावले पुढे चाला.