पोटातली गाठ आणि दुर्बिणीचे ऑपरेशन

अशक्तपणा आला की आपल्या वस्तीत उपाय ठरलेला असतो. गूळ-शेंगदाणे खा, लोहाच्या गोळ्या घ्या. बाईमाणसाचे दुखणे तर 'कामाचा शीण' म्हणून सोडूनच दिले जाते. बहुतेक वेळा कारणही साधेच निघते. पण महिनोन्‌महिने गोळ्या घेऊन रक्त वाढत नसेल, शौचाला डांबरासारखे काळे आणि चिकट होत असेल, दोन घासांत पोट भरत असेल किंवा पोटात गाठ हाताला लागत असेल, तर आत कुठे रक्त झिरपते आहे का, हे शोधायलाच हवे. (लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळा होतो. गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना ते आधी सांगा.)

अशा कारणांतले एक दुर्मीळ कारण म्हणजे 'जिस्ट'. हा सार्कोमा, म्हणजे मऊ पेशीजालाचा कर्करोग. मोठ्या माणसांच्या शंभर कर्करोगांत सार्कोमा जेमतेम एखादा असतो. जिस्ट जठराच्या किंवा आतड्याच्या भिंतीत वाढतो. दहापैकी सुमारे सहा गाठी जठरात असतात. एंडोस्कोपीत वरचे अस्तर कधी कधी ठीकच दिसते, म्हणून सीटी स्कॅन लागतो.

हा रोग अवधानाच्या गाठींमध्ये सहसा पसरत नाही. त्यामुळे सगळे जठर काढावे लागत नाही, गाठ आणि भोवतीचा थोडा निरोगी भाग काढला की पुरते. म्हणूनच जठरातली लहान गाठ पोटाला तीन-चार छिद्रे पाडून दुर्बिणीने काढता येते. जखम लहान, दुखणे कमी, घरी लवकर. रोजंदारीवर जगणाऱ्या घराला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ही गाठ नाजूक असते. काढताना फुटली तर पेशी पोटभर सांडतात आणि रोग परत येतो. म्हणून ती अखंड काढून, पिशवीत घालून बाहेर आणतात. गाठ मोठी असेल, अडचणीच्या जागी असेल, किंवा पोटाच्या मागच्या बाजूचा सार्कोमा मूत्रपिंडाला-आतड्याला चिकटलेला असेल, तर पोट उघडून केलेले ऑपरेशनच बरोबर. डॉक्टरांनी दुर्बिणीला नकार दिला म्हणजे गरीब म्हणून टाळले, असे समजू नका.

गर्भाशयाच्या गाठींबाबतही हेच आहे. दुर्बिणीतून यंत्राने गाठीचे तुकडे करण्याविरुद्ध अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ साली इशारा दिला. साध्या समजलेल्या गाठीत सार्कोमा लपलेला असू शकतो.

ऑपरेशननंतर धोका जास्त वाटला तर इमॅटिनिबच्या गोळ्या साधारण तीन वर्षे देतात. मूळ कंपनीच्या गोळ्यांचा खर्च एके काळी महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये होता, भारतीय कंपन्यांच्या गोळ्यांचा ८ ते १० हजार. त्या पेटंटला मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने आव्हान दिले होते आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचा दावा फेटाळला. स्वस्त गोळी गरिबाच्या हातात राहिली ती त्या लढ्यामुळे.

आता लवासाचे बघा. वरसगावच्या पाण्याकाठी सुट्टी घालवायला लोक येतात. तिथे साफसफाईला, बागेला असणाऱ्या माणसाला आणि दासवे, मुगावच्या रहिवाशाला मात्र तपासणीसाठी टेमघरचा घाट उतरून पिरंगुटमार्गे पुण्यात जावे लागते. छिद्रे लहान असली तरी या फेऱ्या चुकत नाहीत, स्कॅन पुढे काही वर्षे करावेच लागतात. त्यामुळे जाताना रेशनकार्ड आणि आधार घेऊनच निघा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो. कोणते ऑपरेशन, कोणत्या गोळ्या योजनेत बसतात, हे त्याला दाखल होण्याआधी विचारा.

आणि काढलेली गाठ तपासायला पाठवली का, हे विचाराच. तिचा कागदी अहवाल, काचेच्या स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक जपून ठेवा. पुढे परळच्या टाटा रुग्णालयात जायची वेळ आली तर पहिल्यांदा तेच मागतात.