रग्बी लीगचा विश्वचषक : रिकाम्या खुर्च्या भरायच्या कशा?

इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे १५ ऑक्टोबर २०२२ रोजी रग्बी लीग विश्वचषकाची सलामीची लढत झाली, तेव्हा सेंट जेम्स पार्कवर ४३,१९९ प्रेक्षक होते. यजमान इंग्लंडने सामोआचा ६०-६ असा धुव्वा उडवला आणि संयोजकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तो फार काळ टिकला नाही. आठवडाभरातच कॉव्हेंट्री येथे गतविजेता ऑस्ट्रेलिया स्कॉटलंडविरुद्ध उतरला, तेव्हा जेमतेम दहा हजार लोक जमले आणि मैदानाचा दोन-तृतीयांश भाग ओस पडला. हल येथील उपान्त्यपूर्व सामन्याला तर सात हजारांच्या आसपासच हजेरी होती. हल हे काही परके शहर नव्हे. तेथे रग्बी लीगचे दोन व्यावसायिक क्लब नांदतात आणि त्यांच्यातील वैरावर घराघरांत वाद झडतात. शिवाय न्यूझीलंड व फिजी यांच्यातील ती लढत स्पर्धेतील सर्वांत चुरशीच्या सामन्यांपैकी एक ठरली. फिजीने बराच काळ आघाडी राखली होती. न्यूझीलंडने अखेरीस २४-१८ अशी बाजी मारली. रंगतदार खेळ झाला, पण तो पाहायला माणसे नव्हती.

जगातील उत्तमोत्तम खेळाडू असतानाही खुर्च्या रिकाम्या का राहतात, हा प्रश्न या खेळासाठी केवळ प्रतिष्ठेचा नाही. फुटबॉल किंवा क्रिकेटप्रमाणे दूरचित्रवाणी हक्कांच्या अवाढव्य रकमांवर या विश्वचषकाचा डोलारा उभा नसतो. तिकिटांचा पैसा त्याच्या मुळाशी असतो. तो आला नाही तर छोट्या देशांच्या संघांचा प्रवास, प्रशिक्षण आणि पुढील स्पर्धा हे सारेच अडते. २००० च्या स्पर्धेत संयोजकांचे हात पोळले आणि पुढचा विश्वचषक भरवायला २००८ साल उजाडले. २०२५ चे यजमानपद फ्रान्सला मिळाले होते. संभाव्य तोट्याची हमी कोणी घ्यायची, या प्रश्नावर गाडे अडले आणि मे २०२३ मध्ये फ्रान्सने माघार घेतली. १९५४ मध्ये जगातील पहिला रग्बी विश्वचषक भरवण्याचा मान ज्या देशाकडे जातो, त्या देशावर ही वेळ आली.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. मुंबईत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर वर्षानुवर्षे खेळले जाते ते रग्बी युनियन. त्यात प्रत्येक संघात १५ खेळाडू असतात. रग्बी लीग हा त्याचा धाकटा, भांडून वेगळा झालेला भाऊ. उत्तर इंग्लंडमधील कामगार खेळाडूंना सामन्यासाठी बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यावी की नाही, या वादातून २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफिल्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेतील क्लबांनी वेगळी चूल मांडली. लीगमध्ये संघात १३ खेळाडू असतात. चेंडू घेऊन धावणाऱ्याला प्रतिस्पर्ध्यांनी पकडून पाडले की एक पकड मोजली जाते आणि अशा सहा पकडींत चढाई पूर्ण करावी लागते. नाहीतर चेंडू समोरच्या संघाकडे जातो. कबड्डीची सवय असलेल्या डोळ्यांना यातील झटापट लगेच उमगावी. मात्र, जन्मापासून हा खेळ ठरावीक पट्ट्यांतच रुजला आहे. उत्तर इंग्लंडमधील यॉर्कशायर व लँकेशायर, ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स व क्वीन्सलँड, न्यूझीलंडमधील ऑकलंड, दक्षिण फ्रान्स आणि संपूर्ण पापुआ न्यू गिनी हे ते पट्टे. गर्दीचे बहुतेक प्रश्न या भूगोलापाशीच येऊन थांबतात.

फसलेला प्रयोग

२००० साली संयोजकांची महत्त्वाकांक्षा मोठी होती. संघांची संख्या १६ वर नेण्यात आली; ब्रिटन, आयर्लंड व फ्रान्समध्ये सामने विखुरण्यात आले. सलामीसाठी लंडनचे ट्विकनहॅम, म्हणजे रग्बी युनियनचे माहेरघर निवडण्यात आले. नेमक्या त्याच काळात हॅटफिल्डच्या रेल्वे अपघातानंतर देशभर गाड्यांवर वेगमर्यादा लादल्या गेल्या होत्या आणि पावसाने कहर केला होता. उत्तरेतील प्रेक्षकाने लंडन गाठायचे तरी कसे? इंग्लंड-ऑस्ट्रेलिया लढतीला ३३,७५८ लोक आले, तेव्हा अर्ध्याहून अधिक मैदान मोकळे होते.

पावसाला दोष देऊन भागणारे नव्हते. हल येथे ऑस्ट्रेलियाने रशियाला ११०-४ असे चिरडले, तेव्हा मैदानात तीन हजारांच्या आसपास प्रेक्षक होते. लेबनॉनच्या संघात ऑस्ट्रेलियात वाढलेल्या लेबनीज वंशाच्या खेळाडूंचा भरणा होता. त्यांचा न्यूझीलंडशी सामना ठेवला गेला ग्लॉस्टर येथे, युनियनवर जीव टाकणाऱ्या गावात. तेथील रहिवाशाला ना लेबनॉनचे सोयरसुतक, ना लीगचे. आजी-आजोबांच्या मुळांवरून देश निवडण्याच्या मुभेची त्या वेळी भरपूर थट्टा झाली. 'ज्यांनी तो देश पाहिलाही नाही, ते त्याच्या नावाने खेळणार' असा टीकेचा सूर होता.

पुढे हीच मुभा या विश्वचषकाची तारणहार ठरली.

पाहुणा संघ, पण घरचा

२०१३ च्या स्पर्धेत आयर्लंडविरुद्धचा फिजीचा सामना रॉचडेल या मँचेस्टरजवळच्या गावात ठेवण्यात आला. वरवर पाहता ही निवड विचित्र वाटावी. मात्र १९६१ मध्ये ओरिसी दावाई आणि जो लेवुला हे फिजीचे खेळाडू रॉचडेल हॉर्नेट्स क्लबकडून खेळायला आले, त्यांच्यामागून इतर आले, काहींनी तेथेच संसार थाटले. अर्ध्या शतकाचे हे नाते गावाने जपले होते. सोमवारची रात्र, ऑक्टोबर अखेरची थंडी, तरीही ८,८७२ प्रेक्षकांनी मैदान गजबजून गेले. दुसऱ्या दिवशी वर्किंग्टन येथे टोंगा-स्कॉटलंड सामन्याला ७,६३० लोक आले. गावाची लोकवस्ती पंचवीस हजारांच्या घरातील. फ्रान्समध्ये आव्हीन्यो येथे न्यूझीलंडविरुद्धच्या सामन्याला साडेसतरा हजार जमले.

छोटे संघ छोट्या, पण खेळ जाणणाऱ्या गावांत न्यायचे, हे सूत्र त्या वर्षी पाळले गेले. त्याच्या जोडीला एका तिकिटावर दोन सामने दाखवण्याची युक्ती होती. वेम्बलीवर दोन्ही उपान्त्य सामने एकाच दुपारी झाले आणि ६७,५४५ प्रेक्षकांनी न्यूझीलंडने अखेरच्या मिनिटात इंग्लंडचा घास हिरावून घेतलेला पाहिला. दुहेरी सामन्यांचा आणखी एक फायदा असा की, तीच गर्दी दोन्ही सामन्यांच्या नावे मांडता येते! ओल्ड ट्रॅफर्डवरील अंतिम लढतीला मात्र अशा कसरतीची गरज भासली नाही. ७४,४६८ हा आंतरराष्ट्रीय रग्बी लीगमधील विक्रमी आकडा तेथे नोंदला गेला.

टोंगाची कथा याहून बोलकी आहे. २०१७ च्या विश्वचषकाआधी जेसन टाउमालोलोने न्यूझीलंडऐवजी आणि अँड्र्यू फिफिटाने ऑस्ट्रेलियाऐवजी टोंगाकडून खेळण्याचा निर्णय घेतला. दोघेही ऐन भरात होते आणि मोठ्या संघातील मानधन व प्रतिष्ठा त्यांनी सोडली होती. दक्षिण ऑकलंडमध्ये टोंगातून आलेली हजारो कुटुंबे राहतात. त्यांच्या मोटारींवर, घरांच्या कुंपणांवर लाल झेंडे फडकू लागले. हॅमिल्टन येथे टोंगाने न्यूझीलंडला २८-२२ असे हरवले. इंग्लंडविरुद्धच्या उपान्त्य सामन्यासाठी ऑकलंडच्या माउंट स्मार्ट मैदानावर ३०,००३ लोक जमले. यजमान न्यूझीलंड तोपर्यंत स्पर्धेबाहेर गेला होता, तरी मैदान तुडुंब भरले आणि सामना सुरू होण्याआधी प्रेक्षकांनी म्हटलेल्या गीतांनी दुमदुमले. त्याच स्पर्धेत लेबनॉनचा सामना लेबनीज वस्ती असलेल्या सिडनीत झाला. वीस हजारांहून अधिक लोक आले. समोर ऑस्ट्रेलिया होता, हे खरेच. पण ऑस्ट्रेलिया कॉव्हेंट्रीतही होता.

तेव्हा नियम तोच, खेळाडूही त्याच प्रकारचे. फरक पडला तो जागेचा. २००० मध्ये वंशाने जोडलेले संघ त्यांच्या माणसांपासून हजारो मैलांवर खेळवले गेले, २०१७ मध्ये त्यांच्या दारात. विश्वचषक म्हटला की नव्या मुलखात खेळ नेण्याची हौस संयोजकांना असते आणि ती गैर नाही. पण न्यूकॅसलमधील गर्दीही आकाशातून पडली नव्हती. इंग्लंडच्या सुपर लीगमधील सर्व क्लबांचे सामने एकाच ठिकाणी भरवणारा 'मॅजिक वीकेंड' २०१५ पासून अनेकदा त्याच मैदानावर झाला होता. शहराला खेळाची ओळख आधीच करून दिलेली होती. कॉव्हेंट्रीत अशी मशागत फारशी नव्हती. बी पेरले आणि लगेच पीक मागितले.

खिशाचा आणि घड्याळाचा प्रश्न

२०२२ मध्ये तिन्ही गटांचे (पुरुष, महिला व व्हीलचेअर) विश्वचषक प्रथमच एकत्र भरवण्यात आले. कल्पना उमदी होती. मँचेस्टरमध्ये इंग्लंड-फ्रान्स व्हीलचेअर अंतिम सामन्याला ४,५२६ प्रेक्षक आले, हा या प्रकारातील विक्रम. पण साडेसात लाख तिकिटांच्या उद्दिष्टासमोर ६१ सामन्यांत मिळून पावणेपाच लाखांच्या आसपासच उपस्थिती भरली. २०१३ मध्ये अवघ्या २८ सामन्यांत साडेचार लाखांचा टप्पा ओलांडला होता.

तिकिटे महाग असल्याची तक्रार नेहमीच्या प्रेक्षकांनी उघडपणे केली. तिच्यात तथ्य होते. ब्रिटनमध्ये त्या ऑक्टोबरात महागाईचा दर ११.१ टक्क्यांवर, म्हणजे चार दशकांतील उच्चांकावर होता. विजेच्या बिलाने धास्तावलेले कुटुंब साखळी फेरीतील एकतर्फी सामन्यासाठी चार तिकिटे का घेईल? क्लबच्या चाहत्याचे गणित वेगळे असते. तो वर्षाच्या सुरुवातीलाच हंगामी तिकीट काढतो, त्यामुळे प्रत्येक सामना त्याला जवळजवळ फुकट वाटतो. विश्वचषकासाठी त्याच माणसाला, त्याच मैदानावर, पुन्हा खिशात हात घालावा लागतो. तोही ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या थंडीत, क्लबचा हंगाम संपून उत्साह ओसरल्यावर. हे महिने बदलणे सोपे नाही, कारण खेळाडू क्लबांच्या पगारावर असतात आणि क्लब त्यांना हंगामात सोडत नाहीत. फुटबॉल मात्र त्याच दिवसांत जोरात चालू असते.

एकतर्फी निकाल हा या दुखण्याचा दुसरा भाग. इंग्लंडने ग्रीसला ९४-४ असे, ऑस्ट्रेलियाने स्कॉटलंडला ८४-० असे हरवले. असा निकाल कोण जिंकणार याचे कुतूहल संपवतो आणि तिकीट काढण्याचे कारणही. उलट, सलामीला ६० गुण खाल्लेल्या सामोआने चारच आठवड्यांत लंडनमध्ये त्याच इंग्लंडला २७-२६ असे बाद केले. स्टीफन क्रायटनच्या निर्णायक किकने तो सामना संपला, तेव्हा मैदानावर चाळीस हजारांहून अधिक लोक होते. क्रायटन, जरोम लुआय यांच्यासारख्यांनी सामोआची निवड केली नसती तर ती दुपार घडलीच नसती. २०२५ च्या शरद ऋतूत ऑस्ट्रेलियाचा संघ २००३ नंतर प्रथमच इंग्लंडविरुद्धच्या अॅशेस मालिकेसाठी आला. वेम्बलीवर साठ हजारांहून अधिक प्रेक्षक लोटले. जुने वैर आणि खरी लढत यांची आस असली की दराची कुरकुर मागे पडते, असे म्हणायला जागा आहे.

मैदानाच्या आकाराचाही विचार करावा लागतो. दहा हजार माणसे दहा हजारांच्या मैदानात उत्सव साजरा करतात. बत्तीस हजारांच्या मैदानात ती हरवतात आणि दूरचित्रवाणीवर ती पोकळी आणखी मोठी दिसते. भारतीय प्रेक्षकाला हे नवे नाही. क्रिकेटच्या २०२३ च्या विश्वचषकाच्या सलामीला अहमदाबादेत चाळीस हजारांवर लोक होते, तरी चर्चा झाली ती रिकाम्या खुर्च्यांची.

२०२६ च्या विश्वचषकाची आखणी करताना यांतील काही धडे गिरवलेले दिसतात. पुरुषांचे संघ १६ वरून १० वर आणण्यात आले, यजमानपद ऑस्ट्रेलियाकडे देण्यात आले आणि पापुआ न्यू गिनीलाही त्यात वाटा मिळाला. या निर्णयाची किंमत जमैका, ग्रीस यांच्यासारख्या देशांनी मोजली. त्यांच्या खेळाडूंसाठी दार बंद झाले. खेळ पसरवायचा की गर्दी जमवायची, या ओढाताणीत तूर्त गर्दीचे पारडे जड ठरले आहे.

पोर्ट मोर्स्बीचे उदाहरण तर ही ओढाताण अधिकच उघड करते. रग्बी लीग हा पापुआ न्यू गिनीचा राष्ट्रीय खेळ. २०१७ मध्ये तेथे झालेले यजमानांचे तिन्ही सामने तुडुंब गर्दीत झाले. ज्यांना तिकीट मिळाले नाही ते कुंपणाबाहेर उभे राहिले. जगात या खेळावर इतके प्रेम करणारी राजधानी दुसरी नाही. पण मैदान पंधरा हजारांच्या आसपासचे आणि तिकिटाचा दर तेथील माणसाला परवडेल एवढाच ठेवावा लागणार. सिडनी किंवा ब्रिस्बेनमधील अर्धवट भरलेले मैदानही तिजोरीत त्याहून अधिक भर घालू शकते. ऑस्ट्रेलियन सरकारच्या पाठबळावर पापुआ न्यू गिनीचा क्लब २०२८ पासून ऑस्ट्रेलियातील राष्ट्रीय लीगमध्ये उतरवण्याची घोषणा डिसेंबर २०२४ मध्ये झाली. तो उतरला की पोर्ट मोर्स्बीच्या प्रेक्षकाला दर पंधरवड्याला मोठा सामना पाहता येईल. विश्वचषकाच्या संयोजकांना मात्र पुढच्या खेपेस त्या शहरात किती सामने न्यायचे आणि त्यातून येणारी तूट कोणत्या शहराच्या तिकिटांतून भरून काढायची, याचा हिशेब वेगळा मांडावा लागणार आहे.