बिल्ड अडते तेव्हा चूक कोठे शोधावी
अँड्रॉइड स्टुडिओत ‘बिल्ड फेल्ड’ हा संदेश दिसताच स्वतःचा कोड चुकला किंवा स्टुडिओच बिघडला, असा समज सर्रास आढळतो. वस्तुतः बिल्ड म्हणजे कोड, चित्रे आणि लायब्रऱ्या एकत्र करून फोनवर चालणारे अ‍ॅप घडवण्याची प्रक्रिया असून, ती ग्रेडल (ही कामे ठरलेल्या क्रमाने करणारे साधन) पार पाडते. कुलूप व किल्ली दोन्ही निर्दोष असूनही जोडीची नसल्यास कुलूप उघडत नाही, तसेच येथे घडते: 2023 मधील अँड्रॉइड ग्रेडल प्लगइन (ग्रेडलला अँड्रॉइडसाठीची कामे पुरवणारा जोडभाग) 8.0 ला जेडीके (जावाचा साधनसंच) किमान 17 लागतो, त्यामुळे जुन्या जेडीकेवर अचूक कोडही अडतो. म्हणून स्टुडिओ पुन्हा बसवण्यापूर्वी बिल्डच्या त्रुटी-संदेशातील ‘व्हॉट वेन्ट राँग’ या मथळ्याखालील मजकूर शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. मूळ कारण बहुधा तेथेच नोंदलेले असते.