ओला रस्ता आणि उजवा पाय

मोटारीच्या चाकांबद्दल लिहायचं ठरवलं तेव्हा एक मैत्रीण म्हणाली, ‘‘अगं, बायकांच्या पुरवणीत चाकांबद्दल कोण वाचणार?’’ मी म्हटलं, मोटारीत बसणारी प्रत्येक बाई वाचेल. आणि घरातलं कुणी पावसापाण्याचं गाडी घेऊन बाहेर असलं, की जिचा कान रात्रभर फाटकाकडे असतो, ती तर वाचेलच वाचेल.

मी काही इंजिनीअर नाही. मराठी घेऊन बी.ए. केलं, संसार केला, आणि गेली काही वर्षं अपघातात घरचं माणूस गमावलेल्या बायकांबरोबर काम करते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचे कागद गोळा करायचे, पंचनाम्याची प्रत मिळवायची, वकिलाकडे सोबत जायचं, असं ते काम. त्या कागदांत एक शब्द सारखा भेटतो: ‘घसरून’. गाडी घसरते म्हणजे नेमकं काय होतं, हे मात्र मला कळलं ते २०२४ च्या सप्टेंबरात, इंग्लंडमध्ये, भाचीच्या गाडीमुळे.

भाची मिल्टन कीन्सला नोकरी करते. हे गाव राउंडअबाउटसाठी प्रसिद्ध. शंभराहून जास्त आहेत म्हणे! तिथे या पोरीने घेतली १९९८ सालची, दोन माणसांची, उघड्या टपाची टीव्हीआर कायमिरा. फोटो बघून आम्ही म्हटलं, छान आहे की! आकडे कळल्यावर मात्र पोटात गोळा आला. आपल्या जुन्या मारुती ८०० चं वजन साधारण साडेसहाशे किलो आणि ताकद सुमारे ३७ हॉर्सपॉवर. भाचीच्या गाडीचं वजन हजार किलोच्या थोडं वर आणि ताकद, कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे, २४० हॉर्सपॉवर. म्हणजे वजन पावणेदोन पटीहून कमी, पण ताकद सहापट. थांबलेली गाडी साधारण पाच सेकंदांत ताशी ६० मैलांवर जाते. ही सगळी ताकद फक्त मागच्या दोन चाकांना मिळते आणि त्या चाकांना आवरायला गाडीत काहीही नाही. एबीएस नाही, एअरबॅग नाही, ट्रॅक्शन कंट्रोलही नाही.

विसरले म्हणून नाही बरं का! टीव्हीआर ही ब्लॅकपूलची कंपनी. ट्रेव्हर विल्किन्सन यांनी ती सुरू केली आणि त्यांच्याच पहिल्या नावातली तीन अक्षरं तिला मिळाली. १९८१ ते २००४ ती पीटर व्हीलर यांच्या मालकीची होती. असल्या साधनांनी चालकाला फाजील आत्मविश्वास येतो, असं व्हीलर यांचं मत. ब्लॅकपूलचा कारखाना २००६ साली बंद पडला, पण त्या गाड्या जिवापाड सांभाळणारी माणसं अजून आहेत. त्यांतलीच एक आमची भाची.

आता ताईचं सांगते. २००४ च्या जुलैमध्ये वरंधा घाटात भावजींची गाडी वळणावर घसरली आणि ते गेले. भाची तेव्हा अकरा वर्षांची होती. त्यानंतर ताईने तिला एकटीने वाढवलं, शिकवलं, परदेशी पाठवलं. आणि आता लेकीने असली गाडी घ्यावी? फोनवर रडारड झाली, मग अबोला. शेवटी भाचीने आम्हा दोघींनाही बोलावून घेतलं. ‘‘आई, तू ये आणि बघ. हिवाळ्याआधी मी तिला ट्रॅक्शन कंट्रोल बसवून घेतेय. तुझ्यासमोरच बसवू.’’

गॅरेज गावाबाहेरच्या एका शेडमध्ये होतं. साठीचा एक मेकॅनिक आणि त्याचा शिकाऊ मुलगा. भाचीने मला जमिनीवर टेकलेलं चाक दाखवलं. ‘‘मावशी, रस्त्याला किती टेकलंय बघ. तळहाताएवढं. अशा चार तळहातांवर अख्खी गाडी उभी असते.’’

मग तिने जे समजावलं, ते मी माझ्या भाषेत सांगते. टायरची पकड म्हणजे महिन्याचा पगार समजा. तो ठरलेलाच. वळण घेण्यात जास्त खर्च झाला, तर वेग वाढवायला किंवा ब्रेक लावायला कमी उरतो. पाऊस पडला की पगारच कापला जातो. अशा वेळी वळणावर रेस जोरात दिली, की मागच्या चाकांचा खर्च पगाराबाहेर जातो. ती जागच्या जागी गरगरतात आणि गरगरणाऱ्या चाकाला आडवी पकड जवळजवळ उरतच नाही. मग गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो. ओल्या शहाबादी फरशीवर पळणारं पोर वळताना पाय सटकून आडवं होतं, तसंच.

ट्रॅक्शन कंट्रोलचं काम एवढंच, की तो गरगराट सुरू होतानाच पकडायचा. चारही चाकांजवळ एकेक सेन्सर बसवतात. चाकाबरोबर फिरणाऱ्या दातेरी कड्याचे दात तो मोजतो. पुढच्या चाकांना इंजिनाची ताकद मिळत नाही, त्यामुळे ती गाडीचा खरा वेग सांगतात. मागची चाकं त्यांच्यापेक्षा ठरावीक प्रमाणाबाहेर जोरात फिरू लागली, की छोटा संगणक ओळखतो, घसरण सुरू झाली. कारखान्यातून येणाऱ्या आधुनिक गाड्यांत मग इंजिनाची हवा कमी केली जाते किंवा घसरणाऱ्या चाकाला परस्पर ब्रेक लावला जातो. जुन्या गाडीला नंतर बसवलेल्या यंत्राला हे जमत नाही. ते इंजिनाच्या एखाद-दुसऱ्या सिलिंडरचं पेट्रोल क्षणभर तोडतं. आठ शेगड्यांपैकी दोन-तीन निमिषभर बंद करून परत पेटवाव्यात, तसं. चाक सावरलं की सगळं पूर्ववत.

मी विचारलं, ‘‘पेट्रोल कशाला, ठिणगीच बंद केली तर?’’ मेकॅनिकला प्रश्न आवडला. ठिणगी तोडली तर न जळलेलं पेट्रोल धुराड्यातून पुढे जातं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटून तो जाळून टाकतं. म्हणून पेट्रोलच अडवायचं. टीव्हीआरवाल्यांत एके काळी जे यंत्र लोकप्रिय होतं, ते तिथून जवळच असलेल्या बकिंगहॅमच्या रेसलॉजिक कंपनीचं. तेही पेट्रोलच तोडायचं.

काम निगुतीचं होतं. सेन्सर आणि दात्यांत जेमतेम एक मिलिमीटर अंतर ठेवायचं. वायरी तापणाऱ्या ब्रेकच्या तबकडीपासून आणि धुराड्यापासून दूर न्यायच्या. पुढचं चाक पूर्ण वळल्यावर ताणल्या जाणार नाहीत एवढी ढील ठेवायची. मग आठ इंजेक्टरच्या वायरी नियंत्रणाच्या खोक्यातून फिरवून आणायच्या. एक डाग कच्चा राहिला तरी इंजिन खोकत बसेल. एका बटणावर किती घसरण चालवून घ्यायची ते ठरवता येतं. मला वाटलं होतं, घसरण शून्यच हवी. पण नाही, टायर अगदी थोडा घसरतानाच सर्वांत चांगला धरतो. साधारण दहा-वीस टक्क्यांपर्यंत तो फायद्याचा असतो, त्यापुढे घात.

ताई एवढा वेळ कोपऱ्यात स्वेटर आवळून बसली होती. ती अचानक उठली, चाकाजवळ गेली आणि म्हणाली, ‘‘टायर कधीचे आहेत?’’

सगळे गप्प. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तिथे शेवटी १३ होतं. टायर अकरा वर्षांचे! नक्षी भरपूर शिल्लक होती, गाडी फारशी पळाली नव्हती ना. पण रबर म्हातारं होतं, टणक होतं आणि त्याची ओल्यातली पकड जाते. मेकॅनिक म्हणाला, मीही आज हेच सांगणार होतो. त्याने आठवण काढली अभिनेता पॉल वॉकरच्या अपघाताची. २०१३ साली तो ज्या पोर्शे कॅरेरा जीटीत बसला होता, तिला ट्रॅक्शन कंट्रोल होतं. तरीही गाडी गेली. तपासात मुख्य कारण निघालं ते बेफाम वेग, आणि टायर नऊ वर्षांहून जुने असल्याचंही नोंदलं गेलं.

भाचीने आधी चार नवे टायर मागवले. ते बसल्यावरच यंत्राची जुळणी झाली. तेच बरोबरही होतं, कारण तिच्या गाडीची पुढची-मागची चाकं वेगवेगळ्या मापाची आहेत. सरळ रस्त्यावर एका वेगाने चालवून, नेहमीचा फरक किती, हे यंत्राला शिकवावं लागतं. टायर बदलले की तो धडा पुन्हा.

त्या रात्री जेवताना ताईने तो प्रश्न विचारला, जो मला दिवसभर तिच्या चेहऱ्यावर दिसत होता. ‘‘हे यंत्र तेव्हा यांच्या गाडीत असतं तर?’’

भाचीने ताट बाजूला सारलं. ‘‘नाही गं आई. हे यंत्र फक्त रेस देताना चाक फिरू देत नाही. बाबा उतारावर होते, त्यांनी ब्रेक दाबला. चाकं जाम झाली, आणि जाम चाकाला दिशा नसते. एबीएस असतं तर निदान स्टिअरिंग फिरवता आलं असतं. पण पंचनाम्यात टायर गुळगुळीत होते असं लिहिलंय ना? मी वाचलाय तो. गुळगुळीत टायरला पकड कुठलंच यंत्र देऊ शकत नाही.’’

पंचनामा तिने कधी वाचला, आम्हाला दोघींनाही माहीत नव्हतं. ताई खूप वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘म्हणजे हे बसवलं तरी तू ब्रेक मारताना घसरू शकतेस.’’ ‘‘हो,’’ भाची म्हणाली. ‘‘वळणात जास्त वेगाने शिरले तरी. तळ्यासारख्या पाण्यावर टायर तरंगले तरी. वळणात घाबरून रेस एकदम सोडली तरी.’’ आपल्या माणसाने आपल्याला खोटा धीर न देणं, हाही एक आधार असतो. ताईचा अबोला त्या रात्री सुटला.

मग व्हीलर यांचं म्हणणं खरं का? साधनांनी माणूस बेफिकीर होतो का? १९८० च्या दशकात म्युनिकमध्ये टॅक्सींवर एक प्रयोग झाला होता. काहींना एबीएस होतं, काहींना नव्हतं. एबीएसच्या टॅक्सींचे अपघात कमी झाले नाहीत, कारण चालक जास्त धोका पत्करू लागले. पण दुसरी बाजूही आहे. बॉशने मर्सिडीजसाठी १९९५ मध्ये बाजारात आणलेलं स्थैर्य नियंत्रण, म्हणजे ईएससी, स्टिअरिंग आणि गाडीचं गिरकणं दोन्ही बघून एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावतं. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या एका चाचणीत मर्सिडीजची छोटी ए-क्लास उलटली, तेव्हा कंपनीने ते त्या गाडीत सरसकट बसवलं. अमेरिकेतल्या अभ्यासांत ईएससीमुळे एकट्या गाडीचे जीवघेणे अपघात निम्म्याच्या आसपास कमी झालेले दिसले. नोव्हेंबर २०१४ पासून युरोपीय संघात नव्या मोटारींना ते सक्तीचं आहे. म्हणजे साधन वाया जात नाही. ते आहे म्हणून पाय सैल सोडला, तर मात्र जातं.

भाचीने आणखी दोन गोष्टी केल्या. गाडीत बदल केल्याचं विमा कंपनीला लेखी कळवलं. तिकडे ते लपवलं तर विमाच नाकारला जाऊ शकतो. आणि स्किड पॅनवर एक दिवसाचं प्रशिक्षण घेतलं. मुद्दाम ओल्या केलेल्या निसरड्या जागेवर गाडी घसरवतात आणि सावरायला शिकवतात. ‘‘पायाला कळायला हवं,’’ ती म्हणाली, ‘‘की यंत्र नसतं तर आत्ता काय झालं असतं.’’ यंत्र मधे पडलं की इंजिन अडखळल्यासारखा आवाज येतो. तो आवाज ती शाबासकी मानत नाही, सूचना मानते.

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कुणी उद्या टीव्हीआर घेणार नाही. पण शोरूममध्ये आपण रंग बघतो, सीट कव्हर बघतो, गाणी कशी वाजतात ते बघतो आणि बाकीचं ‘यांना’ कळतं म्हणून सोडून देतो. आपल्याकडे नव्या मोटारींना आणि १२५ सीसीवरच्या दुचाकींना एबीएस २०१९ पासून सक्तीचं आहे. पण घरात जुनी गाडी असेल तर तिला ते आहे का, हे आपण पाहिलंय? नवी घेताना ईएससी आहे का, की ते फक्त महागड्या मॉडेलला, हे विचारलंय? आणि ज्याला एक पैसाही लागत नाही ते काम: पावसाळ्यापूर्वी टायरजवळ वाकून ते चार आकडे वाचणं, नक्षीत बोट घालून पाहणं.

माझ्या कामात आता एक भर पडली आहे. बायकांच्या बैठकीत कागदपत्रांचं बोलून झालं, की मी सगळ्यांना बाहेर नेते आणि उभ्या असलेल्या गाड्यांचे टायर वाचायला लावते. पहिल्याच दिवशी रिक्षा चालवणाऱ्या एकीच्या मुलाचे दोन टायर गोटा निघाले. तिने मुलाला तिथूनच फोन लावला.