उंबरठ्यावर दिलेला शब्द

प्रश्नावली उघडण्याआधी एक गोष्ट ठरलेली असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची कार्यकर्ती दाराशी येते, आपण कोण आणि कशासाठी आलो ते सांगते, उत्तरे गुप्त राहतील असा शब्द देते आणि समोरच्या स्त्रीची संमती विचारते. ती हो म्हणाली की मग वय, शिक्षण, बाळंतपणे, जगलेली आणि गेलेली मुले, लसी, पाणी, चूल असे एकेक विचारले जाते. घरातल्या लहान मुलांची उंची आणि वजन मोजतात. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला मोजफळीवर निजवून मोजायचे, त्याहून मोठ्याला उभे करून.

त्या दुपारी घेतलेले माप पुढे किती लांबचा प्रवास करते आणि वाटेत किती जपले जाते, ही आपल्या काळातली एक थक्क करणारी गोष्ट आहे. या प्रवासाच्या शेवटच्या टप्प्यावर एक छोटे साधन आहे. त्याचे नाव ‘आरडीएचएस’.

सात लाख स्त्रियांची उत्तरे

या सर्वेक्षणाची पहिली फेरी १९९२-९३ मध्ये झाली. सगळ्या फेऱ्यांचे समन्वयन मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केले. ही संस्था १९५६ साली स्थापन झाली. २०१९-२१ ची पाचवी फेरी करोनाच्या टाळेबंदीने मध्येच अडली, तरी पूर्ण झाली. तिच्यात ७०७ जिल्ह्यांतली ६,३६,६९९ घरे आली. ७,२४,११५ स्त्रिया आणि १,०१,८३९ पुरुष बोलले.

भारताचे हे सर्वेक्षण एका मोठ्या कुटुंबातले आहे. अमेरिकी सरकारच्या मदतीने १९८४ मध्ये ‘डीएचएस’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे ९० हून अधिक देशांत त्याची ४०० वर सर्वेक्षणे झाली. या कार्यक्रमाची सर्वांत मोठी देणगी म्हणजे एकसारखी नावे. नेपाळ असो, केनिया असो की भारत, स्त्रीचे वय ‘व्ही०१२’ याच रकान्यात असते. शहर की खेडे, हे ‘व्ही०२५’ मध्ये. फाइलच्या नावातली पहिली दोन अक्षरे देशाची. भारतासाठी ती ‘आयए’ अशी आहेत. पुढची दोन माहितीच्या प्रकाराची: ‘आयआर’ म्हणजे स्त्रियांची फाइल, ‘केआर’ म्हणजे पाच वर्षांखालच्या मुलांची. एका देशाची फाइल वाचायला शिकलेला माणूस दुसऱ्या देशाचीही वाचू शकतो.

दोन ओळींत काय घडते

तरीही ही माहिती हाती येणे कष्टाचे होते. संकेतस्थळावर एकेक फाइल शोधायची, उतरवून घ्यायची, उलगडायची आणि ती वाचण्यासाठी आपला प्रोग्रॅम लिहायचा. तेच काम प्रत्येक संशोधक नव्याने करी. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील ऑलिव्हर वॉटसन, रिच फिट्झजॉन आणि जेफ्री ईटन यांनी २०१९ मध्ये आरडीएचएसची ओळख करून देणारा लेख प्रसिद्ध केला. ‘आर’ या संगणकभाषेसाठी लिहिलेली ही लायब्ररी, म्हणजे तयार आज्ञांचा संच. आर भाषाही न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९० च्या दशकात घडवलेली, आणि सर्वांसाठी मोफत.

पहिल्या ओळीत लायब्ररी बोलवायची. दुसऱ्या ओळीत देश सांगायचा, आयए. आणि निर्देशकाचा संकेत द्यायचा. खुरटलेल्या, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी असलेल्या मुलांसाठी तो ‘सीएन_एनयूटीएस_सी_एचए२’ असा आहे. लायब्ररी यातून वेबपत्ता तयार करते आणि डीएचएसच्या सर्व्हरकडे पाठवते. उत्तर पानापानांनी येते. ती पाने जोडून एक नीट तक्ता समोर ठेवते. आलेले उत्तर आपल्या संगणकावर जपून ठेवते, म्हणजे तीच विचारणा पुन्हा केली तर सर्व्हरला त्रास नको.

आणि त्या तक्त्यात देशाच्या बालपणाचा इतिहास असतो. २००५-०६ मध्ये पाच वर्षांखालची ४८ टक्के मुले खुरटलेली होती. २०१५-१६ मध्ये ३८.४ टक्के, २०१९-२१ मध्ये ३५.५ टक्के. याच काळात दवाखान्यातली बाळंतपणे ३८.७ टक्क्यांवरून ८८.६ टक्क्यांवर गेली. राज्यनिहाय आकडे मागून महाराष्ट्राची ओळ पाहिली की मात्र मन थबकते. पाचव्या फेरीत राज्यातली ९४.७ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाली, पण खुरटलेल्या मुलांचे प्रमाण आधीच्या फेरीतल्या ३४.४ वरून ३५.२ टक्के झाले. बाळंतपण सुखरूप करणे आणि बाळाला पुरेसे वाढू देणे, ही दोन वेगळी कामे आहेत, हे इथे दोन आकड्यांत कळते.

९९९८ आणि दहा लाख

टक्केवारी कोणालाही मागता येते. व्यक्तिगणिक नोंदी हव्या असतील तर नाव नोंदवून, अभ्यासाचा हेतू लिहून परवानगी घ्यावी लागते. ती असेल तर लायब्ररी याही फाइली उतरवते. इथून पुढे जबाबदारी वाचणाऱ्याची.

मुलाच्या उंचीचा रकाना ‘एचडब्ल्यू७०’. त्यात वजा २१३ असे लिहिलेले असेल तर त्याचा अर्थ वजा २.१३: जागतिक आरोग्य संघटनेच्या मापदंडातल्या त्याच वयाच्या मध्यम उंचीपेक्षा हे मूल २.१३ प्रमाण विचलनांनी कमी आहे. वजा २ च्या खाली गेलेले मूल खुरटलेले. याच रकान्यात कुठे कुठे ९९९८ दिसते. ते माप नव्हेच. आलेला आकडा विश्वासार्ह नाही, अशी ती खूण आहे. ती न गाळता सरासरी काढली, तर अशी खूण असलेले प्रत्येक मूल राक्षसाएवढे उंच ठरते आणि खरोखर खुरटलेली मुले त्याच्या सावलीत नाहीशी होतात.

तसाच ‘व्ही००५’ हा रकाना, भाराचा. छोट्या राज्यांतूनही पुरेशी उत्तरे यावीत म्हणून तिथे लोकसंख्येच्या मानाने जास्त घरे निवडतात. मग देशाचा हिशेब करताना प्रत्येक स्त्रीच्या उत्तराला तिच्या वाट्याचा भार द्यावा लागतो. तो दशांशचिन्ह न वापरता साठवलेला असल्यामुळे आधी दहा लाखांनी भागायचा. हा रकाना विसरला की मोठ्या राज्यांतल्या स्त्रियांचा आवाज नकळत दबतो.

हलवलेले ठिपके

सर्वांत सुंदर गोष्ट नकाशाच्या फाइलीत आहे. सर्वेक्षणासाठी निवडलेल्या प्रत्येक वस्तीचे अक्षांश-रेखांश नोंदवले जातात, पण देण्याआधी ते मुद्दाम सरकवतात. शहरी वस्तीचा ठिपका दोन किलोमीटरपर्यंत, खेड्याचा पाच किलोमीटरपर्यंत, आणि शंभरातल्या एका खेड्याचा दहा किलोमीटरपर्यंत. कोणत्या दिशेला, ते चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते. पाऊस, रस्ते, दवाखान्याचे अंतर यांचा ढोबळ अभ्यास त्यावरून होतो, पण त्या ठिपक्यावर जाऊन कोणाला उत्तर देणाऱ्या स्त्रीचे घर शोधता येत नाही.

इतकी जपलेली ही माहितीही एका मदतीवर अवलंबून होती. अमेरिकेने परदेशी मदत रोखली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये डीएचएसचे काम थांबले. चाळीस वर्षे जोडलेली ही साखळी एका निर्णयाने तुटू शकते, हे तेव्हा दिसले. ज्यांनी परवानगीने फाइली आधीच उतरवून घेतल्या होत्या, त्यांचे अभ्यास चालू राहू शकले.

आरडीएचएस शिकणाऱ्याने आज्ञेबरोबर तिच्यामागचा शब्दही शिकावा. हेतू लिहून परवानगी घेणे, ९९९८ गाळणे, भार लावणे, ठिपका हलवलेला आहे हे ध्यानात ठेवणे: ही चारही कामे तांत्रिक वाटतात. पण त्यांतले प्रत्येक काम त्या दारातल्या स्त्रीशी झालेल्या करारातले एकेक कलम आहे. तिने खरे सांगितले. तिचे घर झाकून ठेवायचे आणि तिचे उत्तर जसेच्या तसे पोचवायचे, एवढे आपल्याकडे उरते.